आज्याचं गिरमिट पुन्हा चालू करताना: चकच्या दुरुस्तीच्या नोंदी

२६ एप्रिल

आज्याच्या लाकडी पेटीत हाताने फिरवायचं गिरमिट सापडलं. वर छातीने दाबायची लाकडी थाळी, मध्ये वाकवलेला लोखंडी दांडा, खाली बिट, म्हणजे भोक पाडणारं टोक, पकडणारा चक. दांडा फिरताना जो गोल होतो त्याचा व्यास १० इंच भरला. कंपनीचं नाव घासून गेलं आहे. सोबत पाच बिटं आहेत, त्यांच्या मागच्या चौकोनी शेपटीवर ४, ६, ८, १२, १६ असे आकडे आहेत. हे आकडे इंचाच्या सोळाव्या भागात असतात, म्हणजे ८ नंबर अर्धा इंच, १२ नंबर पाऊण इंच आणि १६ नंबर एक इंच.

मृग लागायच्या आत वखराचं, म्हणजे बैलांनी ओढायच्या पात्याच्या अवजाराचं, नवं खोड आणि एक जू तयार करायचं आहे. खोड वाळलेल्या बाभळीचं. बॅटरीच्या ड्रिलने पाऊण इंची भोक पाडायला गेलो तर दीड इंच आत गेल्यावर ड्रिल अडलं, तापलं आणि वास यायला लागला. ते तसंच दामटलं असतं तर मोटार जळाली असती. शेतातल्या फीडरला, म्हणजे वीजवाहिनीला, एक आठवडा दिवसा लाइन असते, एक आठवडा रात्री, आणि सध्या रात्रपाळी चालू आहे, त्यामुळे दिवसा विजेवरचं ड्रिलही चालवता येत नाही. म्हणून गिरमिट दुरुस्त करायचं ठरवलं. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात बहुतेक जुन्या घरांच्या माळ्यावर असं एखादं गिरमिट पडलेलं असतं. कोणाला ते चालू करायचं असेल तर माझे गेलेले दिवस तरी वाचावेत, म्हणून लिहून ठेवतो आहे.

सध्याची तक्रार: बिट चकमध्ये घट्ट बसत नाही, हातानं ओढलं की निघून येतं. चकवर आट्यांनी चढणारं टोपण गंजून जाम आहे.

२७ एप्रिल

टोपण सोडवायला सरळ पाइपपाना लावला. ही चूक झाली. टोपण तसूभर हललं नाही आणि त्यावर पान्याच्या दातांचे पाच-सहा खोल ओरखडे उमटले. ते आता कायमचे.

चक डिझेलमध्ये बुडवून ठेवला.

२९ एप्रिल

दोन रात्री डिझेलमध्ये राहिल्यावर टोपणाभोवती सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून हाताने फिरवलं. अर्ध्या मिनिटात सुटलं.

३० एप्रिल

आज अखजी (अक्षय तृतीया), मजूर नाहीत, दिवसभर चक उघडून बसलो. आतली रचना आधी नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे.

दांड्याच्या खालच्या टोकाला बाहेरून आटे आहेत आणि त्या टोकाला उभी खाच कापलेली आहे. खाचेत बोटाच्या पेराएवढे दोन जबडे समोरासमोर बसतात. प्रत्येक जबड्याच्या आतल्या अंगाला इंग्रजी व्ही अक्षरासारखी उभी चर आहे, तीत बिटाच्या चौकोनी शेपटीचा एकेक कोपरा बसतो. दोन्ही जबड्यांच्या मध्ये स्प्रिंग असते, ती त्यांना उघडं ठेवते. वरून टोपण आट्यांवर चढतं. टोपण आतून तोंडाकडे निमुळतं आहे, त्यामुळे ते जसं आवळत जावं तसं जबड्यांच्या पाठी दाबल्या जातात आणि त्यांची टोकं जवळ येतात.

जबडे आणि टोपणाच्या अशा चकचं पेटंट अमेरिकेत विल्यम बार्बर यांनी १८६४ साली घेतलं. त्याआधीच्या गिरमिटांत बिट अडकवायला स्प्रिंगचा खटका असे आणि तो बसावा म्हणून बिटाच्या शेपटीला बाजूने खाच कापत. माझ्या ६ नंबरच्या बिटाला अशी खाच आहे. मला ते बिट मोडकं वाटलं होतं. ते फक्त जुन्या चालीचं आहे.

आतली अवस्था अशी: एका जबड्याचं टोक तुटलेलं, दुसऱ्याची चर घासून गोल झालेली, स्प्रिंग गायब. खाचेच्या तळाशी काळी कडक घाण होती. ती स्क्रूड्रायव्हरने खरवडली, पुढे टणक लागलं, म्हटलं हा तळ. इथेच मी चुकलो होतो, ते १७ मेच्या नोंदीत येईल.

निष्कर्ष काढला की जबडे खराब आहेत, नवे करायचे.

३ मे

जबड्यांसाठी जुनी झिजलेली कानस घेतली. वेल्डिंगवाल्याकडे ग्राइंडरने दोन तुकडे कापून आणले, ५० रुपये. घरी आणून दुसऱ्या कानशीने घासायला लागलो तर नुसती घसरत होती. कानस स्वतःच कडक केलेल्या पोलादाची असते, तिला आधी मऊ करावं लागतं. संध्याकाळी तुकडे चुलीत लाल केले आणि गोवरीच्या राखेत पुरून रात्रभर ठेवले. सकाळी छान मऊ झाले होते.

५ मे

आतली चर त्रिकोणी कानशीने पाडली, कारण हाताशी तीच होती. दोन तास गेले. बिट लावून पाहिलं तर जबड्यांत डुगडुगत होतं.

कारण सापडायला अख्खा दिवस लागला. त्रिकोणी कानशीचा कोपरा ६० अंशांचा असतो, बिटाच्या शेपटीचा कोपरा ९० अंशांचा. रुंद कोपरा अरुंद चरीत तळापर्यंत जातच नाही, चरीच्या दोन काठांवर टेकून राहतो. आवळलं की ते काठ चेपतात, बिट पुन्हा सैल होतं, पुन्हा आवळावं लागतं. चर चौकोनी कानशीच्या कोपऱ्यानेच पाडायची. ती कानस दारव्ह्याहून आणली, १४० रुपये. तालुक्याला जाण्या-येण्यात अर्धा दिवस गेला तो वेगळा.

७ मे

त्याच कानशीच्या उरलेल्या भागातून दुसरी जोडी केली. या वेळी प्रत्येक टप्प्यावर तपासत गेलो. दिव्याची काजळी थोड्या खोबरेल तेलात कालवून बिटाच्या शेपटीवर पातळ फासायची, जबडे दाबून काढायचे आणि चरीत काळं कुठे लागलं ते पाहायचं. जिथे लागलं तिथेच घासायचं. पहिल्या वेळी फक्त दोन ठिपके उमटले. बाराव्या-तेराव्या वेळी दोन्ही उतारांवर जवळजवळ सलग पट्टा आला.

जबड्याची पाठही याच पद्धतीने टोपणाच्या आतल्या उताराशी जुळवली. पाठीचा उतार जुळला नाही तर जबडा एका टोकावर दाबला जातो आणि चर कितीही सुरेख असली तरी बिट तिरकं धरलं जातं. हे काम कंटाळवाणं आहे, पण यात घाई करू नका. मला साडेपाच तास लागले.

९ मे

जोडी कडक करायला घेतली. चुलीत फुंकणीने लाल केली, चुंबक चिकटेनासं झालं की अजून थोडी तापवली आणि पाण्यात टाकली. पोलाद साधारण ७७० अंश सेल्सिअसला चुंबकाला ओढलं जाणं थांबतं, त्यामुळे थर्मामीटरशिवाय अंदाज घ्यायला ही खूण चांगली आहे.

चूक पुढे झाली. पाण्यातून काढून तसेच चकमध्ये लावले आणि टोपण आवळलं. कट् असा आवाज झाला आणि एका जबड्याचं टोक काचेसारखं उडालं. कडक केल्यावर पुन्हा हलकं तापवून पोलादाचा ठिसूळपणा घालवायचा असतो. ते मी वाचलं होतं, तरी केलं नाही, कारण संध्याकाळ होत आली होती आणि मला त्याच दिवशी बिट लावून पाहायचं होतं. साडेपाच तासांचं काम त्या घाईत गेलं.

११ मे

तिसरी जोडी. या वेळी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीच्या कमानीचा (स्प्रिंगचा) मोडका पाटा घेतला, भंगारवाल्याकडे ६० रुपयांचा तुकडा, कापायचे ५० रुपये. पाट्याचं पोलाद धक्का सहन करायलाच बनवलेलं असतं. कानस धार टिकवायला बनवलेली, म्हणून ती मुळातच जास्त ठिसूळ. जबड्याला चिवटपणा लागतो, तेव्हा पहिल्यापासून पाटाच घ्यायला हवा होता.

राखेत मऊ करणं, चौकोनी कानस, काजळी हे सगळं पुन्हा केलं. हात बसल्यामुळे चार तासांत आटोपलं. लाल करून इंजिनच्या जुन्या तेलात बुडवले. हे उघड्या अंगणातच करा, तेलाचा भडका होतो, जवळ झाकण हवं. मग पॉलिश पेपरने एक बाजू चकचकीत घासली आणि तव्यावर वाळू टाकून तीत जबडे हळूहळू तापवले. चकचकीत बाजूवर आधी फिकट पिवळा रंग येतो, मग तांबूस, मग जांभळा, मग निळा. निळा दिसला की काढून गार होऊ दिले. आवळून पाहिले, टिकले.

१२ मे

स्प्रिंग. आधी बॉलपेनची लावली, ती दमदार नाही, जबडे चिकटून राहतात. मग जाळलेल्या टायरमधली तार आणून वाकवली. ती वाकली ती वाकलीच, परत उघडेना. टायरच्या कडेला असते ती तार मुळात स्प्रिंगसारखीच कडक असते, पण जाळात तिचं पाणी उतरतं. पंक्चरवाल्याकडून न जाळलेल्या टायरची कड कापून घेतली, पैसे घेतले नाहीत. तिची इंग्रजी यू अक्षरासारखी स्प्रिंग वाकवली आणि दोन्ही टोकं जबड्यांच्या मागच्या बारीक भोकांत अडकवली. मस्त उघडतात.

१४ मे

पहिलं भोक. बाभळीचा ओंडका, ८ नंबरचं बिट. बिट लाकडात उतरलं, भुसाही येऊ लागला, पण दर आठ-दहा फेऱ्यांनी चकमध्ये थोडं फिरतंय असं हाताला कळत होतं. बाहेर काढताना गिरमिट हातात आलं आणि बिट लाकडातच राहिलं.

काढायची पद्धत चुकली असेल असं वाटलं. बिटाच्या टोकाचा स्क्रू लाकडात रुतलेला असतो, आधी एक-दोन फेरे उलटे देऊन तो सोडवायचा, मग सरळ फिरवत वर ओढायचं, म्हणजे भुसाही वर येतो. तसं करून पाहिलं. बिट पुन्हा लाकडातच.

१५ मे

टोपण कमी आवळलं जातंय असं धरून दोन पान्यांनी आवळलं. बिट तरी सुटलं, आणि आता टोपण फिरवताना आट्यांत एका जागी खरखर येते आहे. जबड्यांच्या चरीत पॉलिश पेपरचा तुकडा घालून पाहिला, तो दोन भोकांत फाटला. वीस दिवस झाले. आज काम लवकर सोडून दिलं.

१७ मे

आबाजी आले. आबाजी म्हणजे आज्याचे धाकटे भाऊ, वय ८१. उमेदीच्या काळात त्यांनी गावातल्या निम्म्या बैलगाड्या दुरुस्त केल्या आहेत. मी टोपण आवळत होतो ते पाहत होते.

"टोपन कायले एवढं आवळून रायला? बिट आत बसलंच नाई. काडी घालून पाय बरं."

तुरीची काडी खाचेत घातली, काठाशी नखाने खूण केली आणि बिटाच्या शेपटीशेजारी धरली. शेपटीचा चौकोनी भाग संपतो तिथपर्यंत काडी पुरायला हवी होती. ९ मिलिमीटर कमी पडली.

मग त्यांनी सांगितलं ते आमच्या अंगणातल्या मातीवर रेघा ओढून. बिटाची शेपटी मागच्या टोकाकडे निमुळती होत जाते आणि पुढे, जिथे गोल दांडी सुरू होते, तिथे सगळ्यात जाड असते. शेपटी पूर्ण आत गेली की तिचं टोक खाचेच्या तळाशी असलेल्या चौकोनी खोबणीत बसतं. फिरवायचा जोर ती खोबण आणि खाचेच्या भिंती घेतात. जबड्यांची टोकं त्या जाड भागाच्या खालून, गोल दांडीवर मिटतात, म्हणजे बिटाला बाहेर यायला वाटच राहत नाही. टोपणाचं काम एवढंच की जबडे मिटलेले राहावेत, आणि त्याला हाताचा जोर पुरतो.

माझं बिट ९ मिलिमीटर बाहेर राहत होतं. त्यामुळे जबडे उतारावर मध्येच धरत होते आणि ओढलं की उतारावरून घसरत होते. टोक खोबणीत नव्हतं, म्हणून फिरायचा सगळा जोर जबड्यांच्या चरीवर येत होता. जुन्या जबड्याची चर गोल झाली आणि टोक तुटलं तेही यामुळेच असणार. जबडे खराब होते ही गोष्ट खरी, पण ते कशामुळे खराब झाले हे मी पाहिलंच नव्हतं.

३० एप्रिलला ज्याला मी तळ समजलो होतो तो तळ नव्हता.

१८ मे

वेल्डिंगवाल्याकडे नेऊन गॅसची ज्योत चकच्या टोकावर धरायला लावली, ८० रुपये. मिनिटभरात खाचेतून काळा पातळ रस वाहायला लागला आणि ओळखीचा वास आला. लाख होती. खुरप्याची, विळ्याची मूठ लाखेने बसवतात, तसं कोणीतरी बिट इथे लाखेने पक्कं करून पाहिलं होतं. लाख पातळ झाल्यावर नोजप्लासने आतून लोखंडाचा चौकोनी तुकडा निघाला. कुठल्या तरी बिटाच्या शेपटीचं मोडलेलं टोक, मोजलं तर बरोबर ९ मिलिमीटर.

ज्योतीची गरज नव्हती. लाख उकळत्या पाण्याच्या आतल्या तापमानालाच मऊ पडते. घरी पातेल्यात उकळून काम झालं असतं, पैसेही वाचले असते आणि दांड्याचं टोक लाल होण्याचा धोकाही टळला असता. तुम्ही आधी पाणी उकळून पाहा.

आतली खोबण तुरीच्या काडीला चिंधी गुंडाळून डिझेलने पुसली. बिट घातलं आणि ते टक् असा आवाज करून बसलं. वीस दिवसांत हा आवाज एकदाही आला नव्हता.

१९ मे

जुने जबडे फेकले नव्हते. कुतूहल म्हणून तेच आधी लावून पाहिले, टायरच्या तारेच्या स्प्रिंगसह. अर्ध्या इंचापर्यंतचं बिट त्यांनी व्यवस्थित धरलं. पाऊण इंचाला मात्र तुटक्या टोकाच्या बाजूने बिट कलायला लागलं. नवे जबडे लावल्यावर पाचही बिटं सरळ, ओढून-झटकून निघत नाहीत, आणि टोपण फक्त हाताने आवळलेलं.

म्हणजे आधी तळ साफ केला असता तर लहान भोकांचं काम २९ एप्रिललाच सुरू झालं असतं. मोठ्या भोकांसाठी जबडे करावे लागलेच असते, पण बिट पूर्ण बसलेलं असताना चर पाडली असती तर तीन जोड्या लागल्या नसत्या.

आट्यांतली खरखर वाळूच्या कणाची निघाली. साफ करून शिलाई मशीनचं तेल लावलं.

२१ मे

बिटांना धार लावली. बिटाच्या कडेला जे उभे दात असतात त्यांना आतल्या अंगानेच घासायचं. बाहेरून घासलं तर भोकाचा व्यास कमी होतो आणि मागचा पिळाचा भाग भोकात अडकतो. लाकूड सोलणाऱ्या आडव्या धारा फक्त वरच्या अंगाने घासायच्या. टोकाच्या स्क्रूला कानस लावायची नाही, त्याच्या आट्यांत भरलेली घाण सुईने काढायची. १६ नंबरच्या बिटाचा एक उभा दात मागेच कोणीतरी बाहेरून घासून ठेवला आहे. ते बिट भोकाची कड फाडतं, पण चालवून घेतो आहे.

२४ आणि २५ मे

वखराचं खोड. पाशीची दोन जानोळी (लोखंडी पातं धरणारे दोन दांडे) आणि दांडी बसवायला आधी पाऊण इंची भोकं ओळीने पाडायची, मग पटाशीने चौकोनी करायची. चार इंच जाड बाभूळ, सुरुवातीला एका भोकाला ११ मिनिटं, दुसऱ्या दिवशी ७. दर इंचभर उतरल्यावर बिट वर ओढून भुसा काढला की पुढचा इंच हलका जातो. खालच्या बाजूने स्क्रूचं टोक दिसलं की थांबायचं, लाकूड उलटं करायचं आणि त्या टोकाच्या खुणेवर दुसरीकडून भोक पूर्ण करायचं. एका भोकात हे विसरलो, तिथे खालची कड चिरफाळली. ती बाजू वखर चालताना वर राहील अशी घेतली.

चौदा भोकांत बिट एकदाही सुटलं नाही. छातीवर थाळीचा वळ उठला आहे, चार पदरी गोणपाट बांधून मग बसलो.

जुवाचं लाकूड सागवानी. शिवळांची, म्हणजे बैलाच्या मानेच्या दोन्ही बाजूंना येणाऱ्या खुंट्यांची, चार एक इंची भोकं तासाभरात झाली.

२९ मे

बॅटरीच्या ड्रिलची सहाकोनी मागची, पाव इंची बिटं याच चकमध्ये धरता येतील का ते पाहिलं. धरली जातात, पण जोर पडला की फिरतात. सहाकोनाचा कोपरा १२० अंशांचा, चर ९० अंशांची. त्रिकोणी कानशीच्या वेळी झालं तेच इथे होतं. शिवाय सहाकोनी दांडी निमुळती नसल्यामुळे तळाच्या खोबणीत बसत नाही.

उपाय म्हणून एका मोडक्या बिटाची चौकोनी शेपटी कापली आणि ४० रुपयांचा चुंबकाचा सहाकोनी होल्डर तिला वेल्ड करून घेतला, वेल्डिंगचे ७० रुपये. वेल्ड करताना होल्डर मध्यापासून थोडा सरकला, त्यामुळे टोक दोन-तीन मिलिमीटर गरगरतं. भोकासाठी निरुपयोगी आहे. स्क्रू आवळायला मात्र उत्तम चालतो, गोठ्याच्या दाराच्या बिजागरीचे तीन इंची स्क्रू बाभळीच्या चौकटीत बसताना एकाचंही डोकं खराब झालं नाही. पुन्हा करताना दोन्ही तुकडे एका लोखंडी नळीत सरळ धरून मगच टाका मारून घेईन.

४ जून

खर्च लिहून ठेवतो. डिझेल ५०, पॉलिश पेपर ६०, चौकोनी कानस १४०, पाट्याचा तुकडा ६०, दोनदा ग्राइंडरने कापणं १००, गॅसची ज्योत ८०, सहाकोनी होल्डर ४०, वेल्डिंग ७०. एकूण ६०० रुपये. वेळ साधारण ४० तास, त्यातले निम्म्याहून जास्त जबड्यांवर गेले.

वखराला पास चढवून ठेवली आहे. गिरमिट आबाजी दोन दिवसांसाठी घेऊन गेलेत, त्यांच्या बंडीच्या (बैलगाडीच्या) धुरेला दोन भोकं पाडायची आहेत. चकच्या खाचेतून निघालेला तो ९ मिलिमीटरचा तुकडा पेटीत बिटांसोबतच ठेवला आहे, आणि खूण केलेली तुरीची काडीही.